चाकू हातात द्यायचा नाई

माझ्या सासऱ्यांच्या खिशात रोज चाकू असायचा, असं मी कुठे बोलले की समोरची बाई पदर सावरून जराशी मागे सरकते. सरकू दे. मग मीही तिला पुढचं सांगत बसत नाही. ज्याला खरंच ऐकायचं असतं तो विचारतो, "कसला चाकू?" असं विचारणारं माणूस मला फार कमी भेटलं. बाकीच्यांनी व्हिडिओ पाहिलेला असतो.

तर कसला ते सांगते. मिटता चाकू. पातं मुठीत जाऊन बसतं, नखानं उघडावं लागतं. एक नाही, पत्र्याची पेटीभर होते. शिंगाच्या मुठीचे, पितळेच्या मुठीचे, सागाच्या मुठीचे, एक माशाच्या आकाराचा, एक इतका बारका की त्यानं सुपारीसुद्धा धड फुटली नसती. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी सकाळी आंघोळ करून ओसरीवर पेटी उघडून बसायचे आणि आज कोणाला न्यायचं ते ठरवायचे. 'कोणाला' हा शब्द त्यांचा. "आज सौंसरवाल्याले नेतो. लय दिवस झाले, घरातच बसून हाय बिचारा." मग एक पँटच्या खिशात, एक बंडीच्या आतल्या खिशात. हे झाल्याशिवाय चहा नाही. माझ्या लग्नानंतरचे पहिले काही महिने त्यांचा चहा रोज दोनदा गरम करण्यात गेले.

नोकरी सौंसरला, जिनिंगमध्ये. कापसाच्या बोऱ्यांची शिवण उसवायला चाकू लागायचा, तिथून हा नाद लागला. बाजारात नवा चाकू मिळायचा, पण नव्याकडे ते ढुंकून पाहायचे नाहीत. त्यांना वापरलेला पाहिजे. त्यासाठी माणूस कुठल्या थराला जाईल, तर कोणाच्या घरी मयत झाली की हे बसायला जायचे, हात जोडायचे, दोन शब्द बोलायचे, आणि उठताना हळूच विचारायचे, "बुढ्याचा चाकू होता नं एक, तो कुठी हाय?" आत्याबाई, म्हणजे माझी सासू, लाजेनं अर्धी व्हायची. तिच्या माहेरच्यांनी तर एकदा यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. पण बऱ्याच ठिकाणी लोक द्यायचे. मामाजींचं म्हणणं असं की माणूस मेला की त्याचा चष्मा लोक ठेवतात, काठी ठेवतात, चाकू मात्र भंगारात जातो. "आन् जास्त कशाले हात लागला असते त्याचा? चाकूलेच नं."

मला पाहायला माझ्या माहेरी, रामाकोन्याला, आले तेव्हा कांदेपोहे झाले, नाव-शिक्षण झालं, आणि मग यांनी बंडीतून चाकू काढून मिटलेलाच टेबलावर ठेवला. मला म्हणाले, "उघड." माझ्या बाबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटलं, देण्याघेण्यावरून काही बिनसलं. मी चाकू उचलला, पात्यावरच्या खाचेत नख घातलं आणि उघडला. पातं अंगाकडे नाही, बाहेरच्या बाजूला. मग पुसून, मिटून परत टेबलावर ठेवला. "चालते पोरगी," एवढंच बोलले आणि पोहे खाऊ लागले. माझा स्वयंपाक, माझा रंग, माझी उंची, कोणी काही विचारलंच नाही. ज्या मुलाशी लग्न ठरत होतं त्याचाही कोणी विचार घेतला नाही, पण त्याची त्याला सवय असावी.

मी चाकू टेबलावर ठेवला हे त्यांना आवडलं होतं. त्यांचा एक नियम होता: चाकू हातातून हातात द्यायचा नाही. मिटायचा, खाली ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा. परत करतानाही तसंच. लग्नात मांडवाची दोरी कापायची असो, बैलाची गुंतलेली वेसण सोडवायची असो, टेम्पोवरची ताडपत्री असो, सगळी गल्ली "काकाजी, चाकू द्या" म्हणत यायची, आणि हे ओट्यावर चाकू ठेवून दुसरीकडे पाहायचे. कोणी घाईत हात पुढे केला तर "हातात देत नाई मी" म्हणून तसेच उभे. समोर बैल तडफडत असला तरी तेच. हातातून हातात दिला की दोघांत वाकडं येतं, असं त्यांच्या आईनं सांगितलं होतं म्हणे. मी एकदा विचारलं, "मामाजी, खरं आहे का हो हे?" तर म्हणाले, "मले काय माहीत. मी कधी देऊनच नाई पाह्यला."

देवमाणूस होते असं काही मी म्हणणार नाही. आत्याबाईशी ते धड बोलत नसत, आणि ती गेल्यावर तिच्याबद्दल मात्र तासन्‌तास बोलायचे. याचा मला फार राग यायचा. माझ्या स्वयंपाकघरात न विचारता घुसायचे आणि विळी, सुरी, कात्री, दिसेल त्याला धार लावून ठेवायचे. सांगायचेही नाहीत. पहिल्या वर्षात माझी सगळी बोटं पट्ट्यांनी भरलेली. एकदा मी वैतागून म्हणाले, "मामाजी, मला बोथटच बरी." तर मला तासभर सुनावलं, की बोथट सुरीवर माणूस जोर देतो आणि म्हणून जास्त कापतं. मी ऐकून घेतलं. संत्रं कापून चाकू न पुसता परत करणाऱ्याशी तर ते बोलणंच टाकायचे. संत्र्याचा रस लोखंड खातो. आणि आमच्या पांढुर्ण्यात संत्रं न खाणारा माणूस कुठून आणायचा, तेव्हा निम्म्या गावाशी यांचा अबोला.

आता गोटमारीचं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाला सावरगाव उभं राहतं, मधे पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा, आणि दिवसभर दोन्हीकडून दगड. डोकी फुटतात, लोक टाके घालून परत नदीवर जातात. हे आमच्याकडे भक्तीचं काम आहे आणि मी त्याबद्दल वाईट बोलले तर मला जेवायला मिळणार नाही. मामाजी त्या दिवशी पेटीला कुलूप लावायचे. वर्षातला हा एकच दिवस ते रिकाम्या खिशानं राहायचे. "आज अख्खं गाव हातात गोटा घेऊन हाय," म्हणायचे, "आज आपल्याजवळ काई नसलेलं बरं." एवढी अक्कल त्या माणसाला होती. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

ज्या वर्षीचा तो व्हिडिओ आहे, त्या वर्षी गोटमारीच्या आधीची शांतता बैठक होती. दर वर्षी होते; कोणी मोठे साहेब येतात, गावातल्या चार मोठ्या लोकांना बोलावतात, शांततेत दगड मारा असं सांगतात. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, यांचं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे आणि डोळा नगरपालिकेच्या निवडणुकीवर. त्यांनी मामाजींना इस्त्रीचे कपडे घालून सोबत नेलं. म्हातारा बाप बाजूला बसलेला चांगला दिसतो.

साहेबांचा सत्कार होता. शाल प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकिटाला चिकटपट्टी, आणि सूत्रसंचालन करणारा गुरुजी ती दातांनी तोडून राहिला. लोक हसून राहिले. मामाजी दुसऱ्या रांगेत. त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. उठले, बंडीतून चाकू काढला, उघडला आणि मंचाकडे निघाले. साहेबांसोबतचा शिपाई बाहेरगावचा, नवा. तो आडवा आला. "बाबाजी, चाकू इधर दो." मामाजींनी चाकू मिटला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण शिपायानं हात पुढे केला, आणि मामाजी म्हणाले, "हातात देत नाई मी. टेबलावर ठेवतो, तू उचल." टेबल साहेबांच्या पुढ्यात. शिपायाला एवढंच कळलं की म्हातारा चाकू देत नाही म्हणतो आणि साहेबांकडे सरकतो. मग धक्काबुक्की, खुर्च्या पडल्या, कोणी ओरडलं, आणि जितके हात तितके मोबाइल वर.

साहेबांनी माइकवरच विचारलं, "ये कौन हैं? किसके साथ आए हैं?" आमचे भासरे उठले. त्यांना म्हणता आलं असतं, माझे वडील आहेत, यांना चाकूचा नाद आहे, अख्ख्या गावाला विचारा. हॉलमध्ये निम्मी माणसं अशी होती की ज्यांच्या घरच्या लग्नाच्या मांडवाची दोरी या माणसानं कापली होती. भासरे म्हणाले, "सर, माफ कर दो. उमर हो गई है. इनका दिमाग ठिकाने पे नहीं है." आणि ती निम्मी माणसं मान हलवून हो म्हणाली. व्हिडिओत सगळं आहे. मामाजी शिपायाच्या पकडीत, टोपी खाली पडलेली, आणि ते शिपायाकडे नाही, पोराकडे पाहून राहिले आहेत.

सोडून दिलं त्यांना. पागल म्हाताऱ्याला कोण आत घेतो. दुसऱ्या दिवशी भासऱ्यांनी पेटी उचलली, माझी फुलाफुलाची चादर जमिनीवर अंथरली, त्यावर सगळे चाकू रांगेनं मांडून फोटो काढला, आणि पेटी स्वतः पोलिस ठाण्यात जाऊन जमा करून आले. फोटोखाली लिहिलं, गावाच्या शांततेसाठी. डाकूच्या घरी छापा पडल्यासारखा तो फोटो दिसत होता, आणि माझी चादर त्यात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नवऱ्याला म्हटलं, "जाऊन बोला भावाशी." तो म्हणाला, "मोठा आहे तो, त्यानं विचार करूनच केलं असंल." माझ्या नवऱ्याचं हे वाक्य लग्नापासून पाठ आहे मला.

चाकू गेले त्याचं मामाजींनी फार काही केलं नाही. सकाळी ओसरीवर बसायचे, खिसा चाचपायचे, उठायचे. त्यांना लागलं ते दुसरंच. ते पांढुर्ण्यात पागल झाले होते. किराणा दुकानदार त्यांनी मागितलेलं सामान द्यायच्या आधी आम्हाला फोन करायचा. पारावर ते कापसाच्या भावावर काही बोलले की लोक "हो काकाजी, हो काकाजी" म्हणायचे. एखाद्याला हो हो म्हणत राहिलं की तो माणूस संपतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि घरात माझ्या जावेनं, भासऱ्यांच्या बायकोनं, त्यांना संत्रं सोलून द्यायला सुरुवात केली. फोडी वाटीत, बिया काढलेल्या. हातात सुरी लागू नये म्हणून. ती वाटी तशीच परत यायची. ज्या माणसानं स्वतःच्या बगीच्यातली संत्री स्वतःच्या चाकूनं खाल्ली, त्यानं त्या दिवसापासून संत्रं खाल्लं नाही.

एकच गोष्ट ते मागायचे. भासरे घरात आले की म्हणायचे, "एकदा चौकात सांग. बुढा पागल नाई, मीच खोटं बोललो, एवढं सांग."

"काऊन जुनं उकरून राहिले, बाबूजी? तुमच्यासाठीच बोललो. नाही तं अंदर गेले असते."

"अंदर गेलो असतो तं परवडलं असतं. अंदर गेलेला मानूस बाहेर येते. यातून कसा बाहेर येऊ, सांग?"

भासरे घड्याळ पाहायचे आणि दुकानात जायचे. खोटं कशाला बोलू, त्यांचंही एक म्हणणं होतं. त्या वेळी त्यांना दुसरं सुचलं नसेल. पण नंतर वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. तेव्हा कोणाची घाई होती?

मग भासऱ्यांना लॉन काढायचं सुचलं. लग्नाचं लॉन, आजकाल सगळेच काढतात. त्यासाठी मामाजींचा सौंसरजवळचा बगीचा पाहिजे, रस्त्याला लागून आहे म्हणून. बगीचा मामाजींच्या नावावर. भाऊ ऐनवेळी आडवा नको म्हणून माझ्या नवऱ्याला दुकानात भागीदारीचं गाजर दाखवलं, आणि नवरा लगेच राजी. मामाजींना रजिस्ट्रीच्या सहीला चला म्हटलं तर ते म्हणाले, "येतो. पन लहान्या सुनेले संगं घेईन." जायच्या दिवशी सकाळी मला एकटीला म्हणाले, "सही करत नाई मी. तू पाहून घेजो." माझा जीव भांड्यात पडला. बगीचा मला सोडायचा नव्हता, हे मी लपवत नाही. त्या झाडांना दोन्ही बहार पाणी माझ्या नवऱ्यानं दिलं होतं, भासऱ्यांनी नाही.

सौंसरच्या रजिस्ट्री ऑफिसात आम्ही बसलो. आत बोलावलं. तिथले साहेब कंप्यूटरकडे पाहतच रोजचं विचारावं तसं बोलले, "बाबाजी, अपनी मर्जी से दे रहे हो न? होश-हवास में?"

मामाजी म्हणाले, "साहेब, मी पागल हाय."

भासरे हसले. "मजाक करून राहिले, सर."

"मजाक नाई. यानंच सांगितलं, माइकसमोर. पागल मानसाची सही चालते का, हे तुम्ही सांगा." आणि माझ्याकडे वळले. "पोरी, दाखव तो व्हिडिओ."

मी दाखवला. तो माझ्या मोबाइलवर होता, कोणाच्या नव्हता? साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. व्हिडिओ पाहिला, भासऱ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाले की असं असेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, आज नाही होणार. भासऱ्यांच्या कपाळावर घाम. लॉनचं भूमिपूजन ठरलेलं, मोठ्या लोकांना निमंत्रणं गेलेली. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, ओळखीचं कोणी नाही ना म्हणून. मग म्हणाले, "नाही सर. तेव्हा मी खोटं बोललो होतो. माझ्या बापाचं डोकं एकदम ठिकाणावर आहे."

"मोठ्यानं बोल," मामाजी म्हणाले.

भासरे मोठ्यानं बोलले. मामाजींनी डोळे मिटले, उघडले. मग पेन मागितला.

मी त्यांचा हात धरला. "मामाजी, तुम्ही सकाळी काय म्हणाले होते?" त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. "बोलला नं तो, पोरी. मले एवढंच पाह्यजे होतं." आणि सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं. बोटाचे ठसे दिले, कॅमेऱ्यासमोर सरळ बसले, टोपी नीट केली. बाहेर आलो तेव्हा ते भासऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून चालत होते आणि मी मागून चालत होते. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. आजही येतो. एका वाक्यापायी बगीचा दिला. ते वाक्य ऐकलं कोणी? साहेबांनी, ज्यांना जेवायला जायचं होतं. बाहेरून आणलेल्या दोन साक्षीदारांनी, ज्यांना आमची नावंही माहीत नव्हती. पांढुर्ण्याच्या चौकातल्या एकाही माणसानं नाही.

संत्र्याची झाडं जेसीबीनं काढली. मामाजींनी कधी विचारलं नाही. गल्लीत सांगत सुटले, "माझ्या पोरानं कबूल केलं, सरकारी ऑफिसात." लोक म्हणायचे, "हो काकाजी, हो."

त्याच वर्षी, थंडीत, ते गेले. तेरवी भासऱ्यांनी लॉनवर ठेवली. मोठा मांडव, मोठी पंगत, नगरपालिकेतले सगळे लोक. मी वाढायला होते. भासरे पांढऱ्या कपड्यात खुर्चीवर, भोवती पाहुणे, आणि पाहुणे विचारत होते, काय झालं होतं, त्रास झाला का. मी ताट घेऊन बाजूनं जात असताना ऐकलं. "त्रास काय," भासरे म्हणत होते, "शेवटी शेवटी डोकं ठिकाणावर नव्हतं त्यांचं. तुम्हाला माहीतच आहे." पाहुण्यांना माहीतच होतं.

आमच्यात सून भासऱ्याशी चार लोकांत बोलत नाही. मी ताट खाली ठेवलं आणि बोलले, अगदी शांतपणे, पण पंगतीला ऐकू जाईल असं. "डोकं ठिकाणावर नव्हतं तं ही जमीन कोणाच्या सहीनं घेतली? तुम्हीच बोलले नं तिथं, साहेबांसमोर, का बाप शहाणा आहे म्हणून? ते इथं बोला. एकदा बोला. मी परत तोंड उघडणार नाही."

सगळी पंगत थांबली. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते पाहुण्यांकडे वळले, आवाज खाली आणला, आणि चेहऱ्यावर अगदी खरं दुःख आणून म्हणाले, "माफ करा. घरच्या बाईचं डोकं ठिकाणावर नाही सध्या."

लोकांनी मान हलवली. माझ्या नवऱ्यानंही.